मिसेस ब्रॅनम यांचा फ्लू

“मॅडमना फ्लू झालाय,” रॉस डिलार्ड फोनवर म्हणाला. “चार ओळींचं पत्रक काढ आणि त्या पेपरवाल्या बायकांना घरी पाठव.”

विनी टॅकेटची पेन्सिल कागदावरच थांबली.

“कुठल्या मॅडमना?”

“आपल्याला मॅडम कितीशा आहेत, हनी? मिसेस ब्रॅनमना. ताप, अंगदुखी, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. पहाटेच तळ्यावरच्या घरी गेल्या. दुपारचं भाषण रद्द.”

रॉस गव्हर्नरसाहेबांचा प्रेस सेक्रेटरी, विनी त्यांच्या बायकोची. हुद्दा एकच. पण रॉसच्या ऑफिसला दोन खिडक्या आणि गालिचा होता, आणि विनीचं ऑफिस बंगल्याच्या स्वयंपाकघरामागे, पूर्वी लोणच्याच्या बरण्या ठेवत त्या खोलीत. रॉस रस्ते आणि करांवर बोलायचा. विनीने बोलायचं ते टोप्या, फुलं आणि केकवर. पेपरात ती बायकांच्या पानावर बारा वर्षं होती, तेव्हाही हेच लिहायची.

आणि हा फ्लू! साहेबांना नको असलेलं काही मिसेस ब्रॅनम बोलणार असं दिसलं, की या घरात फ्लू यायचा. शाळांच्या प्रश्नावर त्या बोलल्या, फ्लू. कारखान्यातल्या बायकांना भेटायला निघाल्या, फ्लू. दर वेळी त्या पत्रकाखाली विनीची सही. दर वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि दर वेळी ती मूग गिळून गप्प बसायची.

पण काल रात्री जेवण झाल्यावर मिसेस ब्रॅनमनी आपल्या खोलीतून तिला घरी फोन केला होता. आवाज ठणठणीत होता.

“विनी, पिवळ्या सूटची चेन तुटली गं आत्ता. उद्या तो साधा निळा फ्रॉक घालते. नुसता घातला तर नर्स वाटेन मी. सकाळी उठले की दुसऱ्या फ्रॉकची पांढरी कॉलर उसवून त्याला लावीन. सुई-दोरा विसरले नाही अजून. तुझी पत्रकं तेवढी दुरुस्त कर हं.”

म्हणूनच विनी आज लवकर आली होती. बायकांच्या पानाला घाई असते, त्यामुळे मॅडमनी काय घातलं होतं हे कार्यक्रम होण्याआधीच छापून ठेवावं लागतं. ‘मिसेस ब्रॅनम यांनी लिंबासारख्या पिवळ्या रंगाचा सूट आणि डेझीच्या फुलाची पिन घातली होती’ असं कालच टाइप होऊन एक प्रत साहेबांच्या ऑफिसात गेली होती. बाकीच्या प्रतींवर पिवळा खोडून निळा करायचं काम अजून सुरूही झालं नव्हतं.

आजचं भाषण फ्लूने गिळण्यासारखं नव्हतं. राज्याच्या मुलींच्या सुधारगृहात गेल्या महिन्यात एक चौदा वर्षांची पोरगी मेली. न्यूमोनिया, असं सुधारगृहाने सांगितलं. मिसेस ब्रॅनम तिथे केक वाटायला गेल्या, तेव्हा बाकीच्या मुलींनी ब्लाउज वर करून वळ उठलेल्या पाठी दाखवल्या. सुधारगृहाचा अधीक्षक म्हणजे साहेबांचा शिकारीतला जोडीदार. ते भाषण मिसेस ब्रॅनम आणि विनी, दोघींनीच मिळून लिहिलं होतं.

विनीच्या टेबलावरच्या फोनला बटणांची रांग होती, घरातल्या प्रत्येक लाइनला एक. त्यातलं शेवटचं बटण अचानक पेटलं. तिसऱ्या मजल्यावरची पाहुण्यांची खोली. तिने ते दाबायच्या आत ते विझलं. रंगारी असतील, असं तिला वाटलं. तिसरा मजला रंगवायला काढलाय, असं येतानाच नोकरांनी सांगितलं होतं.

ती उठली. पत्रक नंतर. आधी मॅडम कुठे आहेत ते कळलं पाहिजे.

रॉस डिलार्ड टेबलावर पाय टाकून बसला होता.

“निघाल्या तेव्हा तू स्वतः पाहिलंस त्यांना?” विनीने विचारलं.

“मीच दार धरलं गाडीचं. केम्पने नेलं.”

“काय घातलं होतं?”

रॉस मोठ्याने हसला. “बाई मरायला टेकली तरी तू कपडेच विचारशील! पिवळा सूट. आणि ती डेझीची पिन. झालं समाधान?”

“झालं,” विनी म्हणाली.

पिवळ्या सूटची चेन तुटलेली होती. आणि फ्लूने फणफणलेली बाई डेझीची पिन लावून तळ्यावर निघते होय? विनीला त्याचा गालिचा ओढावासा वाटला. ती गॅरेजकडे गेली.

सार्जंट केम्प, पोलिसांकडून बंगल्यावर दिलेला ड्रायव्हर, बॉनेट पुसत होता. काल दिवसभर पाऊस पडलेला. तळ्याचा रस्ता लाल मातीचा. गाडीच्या चाकांना मात्र मातीचा कणही नव्हता.

“धुतलीस गाडी?”

“नाही बाई. म्हणजे... हो.”

“मॅडमनी काय घातलं होतं, केम्प?”

“पिवळा सूट,” तो पाठ केल्यासारखा म्हणाला. “पिन होती. फुलाची.”

“केम्प, माझ्याकडे बघ. तुझी बायको बाळंतपणात आजारी पडली तेव्हा दवाखान्यात कोण बसलं होतं रोज?”

केम्पने फडका खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

“मिस लूएला,” तो म्हणाला. मॅडमना तो त्यांच्या नावानेच हाक मारायचा. “बाई, मी कुठेही गेलो नाही. डिलार्डसाहेबांनी फोन केला. रिकामी गाडी फाटकाबाहेर काढ, एक चक्कर मार, परत ये म्हणाले. कुणी विचारलं तर काय सांगायचं तेही सांगितलं. माझी पेन्शन आहे हो बाई.”

“म्हणजे आज मिस लूएला तुला दिसल्याच नाहीत?”

“देवाशपथ नाही.”

विनी सरळ गव्हर्नर क्लाइड ब्रॅनम यांच्या अभ्यासिकेत शिरली. दार वाजवायचं राहून गेलं.

“साहेब, मॅडम निघाल्या तेव्हा तुम्ही भेटलात त्यांना?”

“अर्थात. बिचारी. चेहरा अगदी उतरला होता.” साहेबांनी चष्मा काढला. मतं मागताना काढायचे तसाच. “पिवळा सूट घातला होता. पिवळा शोभतो तिला. विनी, पत्रक कुठवर आलं?”

“होतंय, साहेब.”

ती बाहेर पडली. तिघांनी मिळून एकच कागद पाठ केला होता, तिचाच कागद. नवरा बायकोला निरोप दिल्याचं सांगतो आणि ते वाचून दाखवतो प्रेस नोटमधून! पण त्यातून एवढंच कळत होतं, की तिघांपैकी कुणीही मॅडमना आज पाहिलेलं नाही. मग पाहिलंय कुणी?

जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधली होती. तिच्यावर पुठ्ठा लटकत होता, ‘रंग ओला आहे’. विनीने खोल श्वास घेतला. स्वयंपाकघरातून तळलेल्या हॅमचा वास येत होता. दुसरा कसलाच नाही.

नाश्त्याच्या खोलीत मिस अडेल, साहेबांची थोरली बहीण, एकटीच खात बसली होती. लग्न न करता तिने भावाचं घर आणि राजकारण दोन्ही सांभाळलं होतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला. बंगल्यात साहेबांपेक्षा नोकर तिला जास्त भ्यायचे.

“बस. बिस्किट घे,” अडेल म्हणाली. “तोंड का असं?”

“मॅडमची काळजी वाटते. तुम्ही भेटलात का सकाळी?”

“मी? माझं डोकं दुखत होतं. काल जेवले ती खोलीत गेले, झोपेच्या औषधाचे थेंब घेतले नि झोपले. आत्ता उठतेय. कालच्या जेवणानंतर काही तिला पाहिलं नाही.”

“अचानक कसा काय फ्लू झाला?”

“देवाचीच कृपा म्हण.” अडेलने पावासारख्या मऊ, गरम बिस्किटावर मध ओतला. “राज्यातल्या सगळ्या मोठ्या घरच्या बायका जमणार, आणि ही तिथे जाणार त्या निळ्या फ्रॉकात, पांढरी कॉलर लावून, रविवारच्या शाळेतल्या मास्तरणीसारखी! आणि बोलणार काय तर सुधारगृहातल्या त्या उनाड पोरींबद्दल. माझ्या भावाची लाज काढायला निघाली होती.”

विनीने पुढ्यातला कॉफीचा कप बाजूला सारला.

“मिस अडेल, जरा इथेच थांबा,” ती म्हणाली.

तिने केम्पला बोलावलं, रॉसला बोलावलं, आणि अभ्यासिकेचं दार उघडून साहेबांना म्हणाली, “नाश्त्याच्या खोलीत या. पत्रकातली एक गोष्ट सगळ्यांसमोर नक्की करायचीय.”

साहेब आले. रॉस दाराला टेकून घड्याळ बघत राहिला.

“साहेब, मॅडम तळ्यावर गेलेल्या नाहीत,” विनी म्हणाली. “कुठेच गेलेल्या नाहीत. या घरातच आहेत, तिसऱ्या मजल्यावर, कुलपात.”

“तुझं डोकं फिरलंय का?” रॉस ओरडला.

“तू गप्प बस. तू, केम्प आणि साहेब, तिघांनी पिवळा सूट सांगितलात. काल रात्री त्याची चेन तुटली. तुम्ही माझं पत्रक वाचलंत, मॅडमना पाहिलं नाहीत. केम्प रिकामी गाडी फिरवून आला, चाकांना माती नाही. तिसरा मजला रंगवतायत म्हणे, रंगाचा वास नाही. आणि थोड्या वेळापूर्वी तिथला फोन कुणीतरी उचलला नि लगेच बंद पडला. रंगारी कशाला उचलतील?”

“मग केलं कुणी हे?” साहेबांनी विचारलं. त्यांनी बहिणीकडे बघितलं नाही, हे विनीच्या लक्षात आलं.

“मला आधी रॉसचाच संशय होता. खोटं बोलणारा तोच पहिला. पण ज्याने मॅडमना कोंडलं त्याने त्यांना आज पाहिलेलं असणार, आणि तो पिवळा म्हणणार नाही. मिस अडेल, निळ्या फ्रॉकवर पांढरी कॉलर होती हे तुम्हाला कसं कळलं?”

अडेलचा चमचा मधाच्या वाटीत राहिला.

“काल जेवताना बोलली असेल.”

“चेन जेवणानंतर तुटली. तेव्हा तुम्ही औषध घेऊन झोपला होतात, तुम्हीच सांगितलंत. आणि तुम्ही झोपेत कपाट उघडून पाहिलं असतं तरी तो फ्रॉक दिसला नसता. कालपर्यंत पांढऱ्या कॉलरचा निळा फ्रॉक या घरात नव्हताच. ती कॉलर मॅडमनी आज सकाळी स्वतः शिवून लावली. तो फ्रॉक त्यांच्या अंगावर पाहिलेलं माणूस एकच आहे. मला वाटतं, तुम्ही सकाळची कॉफी घेऊन गेलात, त्यात तुमचे झोपेचे थेंब टाकलेत, आणि बोलायचंय म्हणून त्यांना वर नेलंत.”

मग अडेलने रुमालाने तोंड पुसलं.

“कुणीतरी करायलाच हवं होतं,” ती म्हणाली. “क्लाइडला मी गव्हर्नर केलं. मी! त्या शिक्षकाच्या पोरीने नाही. काल रात्री तिने नवऱ्याला भाषण वाचून दाखवलं. हा माझ्या खोलीत आला, लहानपणी यायचा तसा. म्हणाला, ताई, काहीतरी कर, मला सांगू नकोस काय.”

“मला काही माहीत नव्हतं!” साहेब म्हणाले.

“माहीत करून घेतलं नाहीत,” विनी म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. “सकाळी बायको खोलीत नाही. रॉसला तुम्हीच सांगितलंत ना, ती गेलीय असं म्हण? ती जिवंत आहे की नाही हे एकदा तरी विचारलंत? तुम्ही मला काय विचारलंत, साहेब? पत्रक कुठवर आलं! तिकडे एक पोरगी मेली, तेव्हाही तुमच्या मित्राने असंच एक पत्रक काढलं. न्यूमोनिया म्हणे! ते सगळीकडे छापून आलं, आणि मी गप्प बसले. आता बस्स झालं. किल्ली द्या, मिस अडेल.”

अडेलने जुडग्यावर हात ठेवला. रॉस पुढे झाला. “केम्प, या बाईला बाहेर काढ.”

सार्जंट केम्पने टोपी काढून टेबलावर ठेवली. “राहू द्या किल्ली,” तो म्हणाला. त्याने जिन्यावरची दोरी ओढून काढली आणि धडाधड वर गेला. लाकूड फुटल्याचा आवाज खालपर्यंत आला.

दिवाणखान्यात बायकांच्या पानाच्या चार बातमीदार बसल्या होत्या. तो आवाज त्यांनीही ऐकला. त्यांच्यातली सगळ्यात जुनी, फ्लोरा गिब्स, जिन्यापाशी येऊन उभी राहिली.

“काय पडलं गं, विनी?”

“थांब. कुणी जाऊ नका,” विनी म्हणाली.

मिसेस ब्रॅनम केम्पच्या खांद्याला धरून खाली आल्या. एका पायात बूट नव्हता. मनगटाला फोनची तार गुंडाळल्यासारखे वळ होते. सकाळी त्यांनी फोन उचलला तेव्हा अडेलने ती तार त्यांच्या हातातून हिसकून तोडली होती. डोळे जड होते, पण उघडे होते.

“लू,” साहेब हात पुढे करून मायेने म्हणाले, “तुला बरं नाही. चल, वर जाऊन पड. या सगळ्यांना विनी सांगेल काय ते.”

मिसेस ब्रॅनमनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. बारा वर्षं ज्याच्याशेजारी हसत फोटो काढले, तो माणूस पहिल्यांदा दिसावा तसं.

“भाषण हरवलं गं, विनी,” त्या म्हणाल्या. “तिने चुलीत घातलं बहुतेक.”

“मला पाठ आहे. मी सांगू?”

“नको. मीच सांगते.”

उभं राहवेना, म्हणून त्या खालच्या पायरीवर बसल्या. फ्लोरा गिब्स त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, तिच्यामागे बाकीच्या तिघी. रॉस बाहेर फोनकडे पळाला. साहेब तिथेच उभे होते, आणि त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही.

“त्या मुलीचं नाव कॅरल ॲन स्टिव्हर्स,” मिसेस ब्रॅनम म्हणाल्या. “लिहून घ्या. तिला न्यूमोनिया झाला नव्हता.”