चौथं बेरिंग

सासऱ्यांच्या कारखान्यात त्यांच्या टेबलावर पांढऱ्या धातूचा एक गोळा असायचा, लिंबाएवढा. त्यांच्या पहिल्या फसलेल्या बेरिंगचा. जुन्या गाड्यांच्या इंजिनात हा मऊ धातू वितळवून ओततात आणि मग क्रँकचा दांडा नीट बसेपर्यंत हाताने खरवडतात. माझं काम बघितलं की सासरे तो गोळा टेबलावर दोनदा आपटायचे. ठक, ठक. म्हणजे, पुन्हा कर. अकरा वर्षांत मला त्यांच्याकडून एवढंच मार्गदर्शन मिळालं. पण भरपूर मिळालं.

माणूस डावखुरा. सासूबाई त्यांना चहाचा कपसुद्धा डाव्या बाजूला जाऊन द्यायच्या.

ते गेले आणि मेव्हणा मोजमापाची टेप घेऊन यायला लागला. त्याचं बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे.

"दाजी, तुमचं लेथ मशीन हललं ना, की इथे सहा कमोड आरामात बसतात."

"बसतील रे. पण बघायला कोण बसणार?"

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. सासऱ्यांची स्वतःची गाडी तीन वर्षं इंजिन उघडून पडली होती. "रविवारी मला तिच्यातून फिरवून आणा. इंजिन ठकठक ठोकलं नाही, तर कारखाना जावईबापूंचा. ठोकलं, तर कमोडांचा."

तीन बेरिंगं झकास ओतली गेली. चौथ्याला धातू कमी पडला, जेमतेम सुपारीएवढा. नवा यायला आठवडा लागणार होता. मी इकडेतिकडे बघितलं, आणि टेबलावरचा गोळा उचलून पळीत टाकला.

वितळला. ताप जोखायला लाकडाची काडी बुडवून बघितली, हवी तशी तपकिरी झाली. ओतलं, थंड केलं, क्रँकला बोटाने निळा रंग फासला, तो बसवून फिरवला, बेरिंगवर डाग पडले तिथे खरवडलं. गुरुवारी दुपारी इंजिन चालू केलं.

ठक, ठक. आणि बंद.

उघडलं. तीन बेरिंगं जशीच्या तशी. चौथ्यावरचे माझे खरवडणीचे फटके उजवीकडे झुकलेले, नेहमीसारखे. त्यांच्यावरून नवे फटके गेले होते, डावीकडे झुकलेले. बारीक, एकसारखे. खाली ऑइलमध्ये धातूचा ताजा कीस चमकत होता.

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," बायको म्हणाली. मला पटलं. पटवून घेतलं.

मी पुन्हा खरवडलं, माझ्या पद्धतीने. शुक्रवारी चालू केलं.

ठक, ठक.

उघडलं. माझा एकही फटका उरला नव्हता.

मी घाबरलो नाही. खोटं कशाला बोला, मला राग आला. मेल्यावर तरी माणसाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये! शनिवारी सकाळी निळा रंग फासला, खरवडणी घेतली आणि कामाला लागलो.

"अहो!"

बायको चहा घेऊन उभी होती. "तासभर हाका मारतेय. कानात बोळे घातलेत का?"

चहावर जाड साय धरली होती. बेरिंग तयार होतं. असं बेरिंग मी आयुष्यात केलं नव्हतं.

रविवारी इंजिन इतकं गप चाललं, की मागे बसलेल्या मेव्हण्याने दोनदा विचारलं, "चालू आहे ना?" सासूबाई बाहेर बघत होत्या. तळ्यापर्यंत गेलो, आलो. एकदाही ठोकलं नाही.

कारखान्यासमोर सगळे उतरले. मेव्हण्याने टेप खिशात टाकली. "अभिनंदन, दाजी," म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला.

सासूबाईंनी कनवटीची किल्ली काढली. मी हात पुढे केला.

त्या माझ्या समोर आल्या, थबकल्या. हाताकडे बघितलं. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मग वळसा घेऊन माझ्या डाव्या बाजूला आल्या आणि तळव्यावर किल्ली ठेवली.

तळवा उघडाच होता. नखांत निळा रंग होता.

माझा उजवा हात खिशात होता.