आधी मिरज, मग जवारी

मुळशी धरणाच्या वळणावर साबेराची भज्यांची टपरी होती. पाऊस कोसळत असला की गिऱ्हाईक फिरकत नसे. मग तिचा नवरा शब्बीर तिला बसल्या जागी मिरज दाखवी. तो मूळचा तिथल्या तंबोरे बनवणाऱ्या घरातला. ओल्या बोटानं तो बाकावर रेघ ओढी. आधी दर्गा, तिथली चिंच, मग भोपळे टांगलेली कारागिरांची गल्ली.

हौसेनं त्यानं घरी एक तंबोरा केला होता. फक्त जवारी राहिली होती. तारेखालची हाडाची घोडी कानानं ऐकत घासावी लागते, तेव्हा तार गाते. नाहीतर नुसती ठक्क वाजते.

"आदी तुला मिरज दावतो, मगच जवारी लावतो," तो म्हणे. दोन्ही राहिलं. पावसाळा सरताना तो गेला.

२००४च्या उन्हाळ्यात साबेरानं त्याच्या मागं पहिल्यांदा नवी साडी घेतली, हिरवी. तीच नेसून, भाचा फारूकला घेऊन ती मिरजेला निघाली. त्याचा तंबोरा एकदा गाताना ऐकायचा, एवढीच तिची आस. निघताना तिनं तार छेडली. ठक्क.

दर्ग्याच्या आवारात ती एकटीच गेली. फारूक गवसणीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर थांबला. चिंचेखाली तिचा पदर कुणीतरी हलकेच ओढला. वळून पाहिलं, तर जवळपास कुणी नव्हतं.

बाहेर चपला सांभाळणारी म्हणाली, "तुमचे मालक फुडं गेले. गल्लीत या म्हनले."

"मामी, बाई चुकली असंल," फारूक हळूच म्हणाला.

गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं गवसणी उतरवून तार छेडली. तंबोरा भरून गायला. साबेरा वाकून पाहू लागली.

घोडीवर पांढरा भुगा ताजा होता. "डाव्या हाताची घासणी," म्हातारा म्हणाला. "पर तारंखाली आमी पांढरा धागा घालतो. ह्यो हिरवा कुनी घातला?"

शब्बीर डावखुरा होता.

गवसणीची गाठ सोडलीच नाही, असं फारूक शपथेवर सांगत राहिला.

साबेरानं पदर पुढं घेतला. काठातला एक धागा नव्हता.

ती हसली. मग रडली.

मुळशीला परतून सकाळी तिनं टपरी उघडली. ऊन कडक होतं. बाकावर पाण्याची रेघ होती. दर्गा, चिंच, गल्ली.

रेघ तिथं थांबली नव्हती. ती गल्लीतून पुढं, त्यानं कधीच न दाखवलेल्या ठिकाणी गेली होती.

टोक अजून ओलं होतं.