जिवंत माणसाचं व्यक्तिचित्र

गुरुवारी दुपारी केनियातल्या, मोठ्या तळ्याकाठच्या किसुमूवर पाऊस कोसळायला लागला, तेव्हा अकेयो त्या दिवशीच्या चौथ्या मयताचं बालपण टाइप करत होती. दफनं शनिवारी असतात, त्यामुळे बुधवार-गुरुवार ओबुराबाबांच्या छापखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसे. प्रत्येक मयताची एक पुस्तिका, दफनाला आलेल्यांना वाटायची. जन्म, शाळा, बाप्तिस्मा, नोकरी, आजारपण, आणि शेवटी ‘मागे राहिलेले’. सहा वर्षं ती हेच करत होती. मान आखडलेली, डोळे चुरचुरलेले, आणि वय फक्त सव्वीस.

“जरा आत उभा राहू का? पाऊस...”

दारात एक उंच तरुण निथळत उभा होता. तिने न बघताच मान हलवली. तो आत आला, तोल सावरायला त्याने टेबलावर हात टेकला, आणि नेमका टेकला तो ताज्या छापलेल्या गठ्ठ्यावर. हात उचलला तेव्हा वरच्या पानावरच्या आजीबाईंच्या कपाळावर निळ्या रंगाचा अंगठा उमटला होता.

“झालं,” अकेयो म्हणाली. ओरडायचंही त्राण तिच्यात नव्हतं. “आता हे पान परत छापा.”

“माफ करा. मी होड्यांवर नावं रंगवतो... डुंगा बीचवर. हा रंग दोन दिवस वाळत नाही.” त्याने फोटोकडे नीट पाहिलं. “आजीबाई नाराज दिसत नाहीत पण.”

“त्या मेल्यात.”

“तरीही. काल जास्त कंटाळलेल्या असतील.”

अकेयोला हसू आलं, आणि त्याचाच तिला राग आला. मग तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. हा माणूस बोलतो, चालतो, आणि याचं कुणी अजून काही लिहिलेलं नाही.

“तुम्हाला थोडा वेळ आहे का?” तिने विचारलं. “मला एक जिवंत माणूस हवाय.”

“कशाला?”

“लिहायला.”

शनिवारी दुपारी ती चर्चच्या हॉलमध्ये पत्रकारितेच्या वर्गाला जायची. शिकवायच्या रिस्पर मॅडम, तीस वर्षं बातमीदारी करून निवृत्त झालेल्या. या महिन्याचं काम होतं व्यक्तिचित्र. सगळ्यात चांगलं व्यक्तिचित्र मॅडम गावच्या साप्ताहिकाला पाठवणार होत्या, आणि ज्याचं जाईल त्याला तिथे शिकाऊ बातमीदाराची जागा. जागा एकच होती. अकेयोला ती हवी होती, कारण अजून सहा वर्षं मेलेल्यांबरोबर काढली तर आपण आपोआपच त्यांच्यात जाऊन बसू, असं तिला हल्ली वाटायचं.

पाऊस थांबेपर्यंत तिने ओमोलोला... हे त्याचं नाव... सगळं विचारून घेतलं. जन्म कुठला. शाळा कोणती. बाप्तिस्मा कधी.

“लग्न?” तिने पेन्सिलीवरून नजर न उचलता विचारलं.

“ती ओळ रिकामी ठेवा,” तो म्हणाला. “कुणी सांगावं.”

शनिवारी मॅडमनी तिचं लिखाण वर्गात मोठ्याने वाचलं. वाचून संपलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघांनी डोळे मिटून माना खाली घातल्या होत्या, आणि एकाने हळूच ‘आमेन’ म्हटलं.

मॅडमनी चष्मा काढला. “वाईट झालं. कधी वारले हे?”

सगळा वर्ग हसला. अकेयोचे कान तापले. जन्म, शाळा, बाप्तिस्मा, नोकरी. आजारपण नव्हतं म्हणून तिने त्याची पाठदुखी घातली होती. आणि सगळ्यात खाली, बोटांच्या सवयीने, ‘मागे राहिलेले’ आणि पुढे कोरी जागा.

“अगं पोरी, त्याची शाळा मला कशाला हवी?” मॅडम नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. “तो चहा कसा पितो? चिडला की हात कुठे ठेवतो? जा, त्याच्याजवळ बस. प्रश्न एकच विचार आणि मग गप्प राहा. मनातल्या मनात वीस आकडे मोज. माणसाला शांतता सोसत नाही, तो खरं बोलतो.”

ओमोलोने तो कागद मागितलाच होता. रविवारी डुंगाला एका उलट्या होडीवर बसून त्याने तो शेवटपर्यंत वाचला.

“छान पुरलंत मला,” तो म्हणाला. “पाठदुखीने गेलो वाटतं?”

“चिडवू नका. मला परत लिहायचंय. मी नुसती इथे बसले तर चालेल?”

“बसा की. पण ‘अहो-जाहो’ करू नका, मला अजून मेल्यासारखं वाटतं.” त्याने कागदाची घडी घातली आणि ब्रशांच्या डब्यात ठेवून दिली.

मग ती रोज सकाळी कामाआधी तासभर तिथे जाऊन बसायला लागली. आधीच दमलेली, त्यात पहाटे उठायचं. कधी कधी बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि जाग आली की उन्हाच्या बाजूला त्याने एक फळी उभी करून ठेवलेली असायची. तो त्याबद्दल काही बोलायचा नाही. तीही नाही. ते मात्र तिने वहीत लिहिलं, आणि मग का कुणास ठाऊक, खोडलं.

त्याचं बाकीचं सगळं ती टिपत होती. चहा तो कप दोन्ही हातांत धरून पितो. अक्षर बिघडलं की शिवी देत नाही, ब्रश उचलून लांब धरतो आणि काही क्षण श्वासच घेत नाही. नाव रंगवण्याआधी मालकाला तळ्याकडे तोंड करून त्या नावाने मोठ्याने हाक मारायला लावतो... मोठ्या आवाजाच्या माणसाची अक्षरं रुंद काढतो, हळू बोलणाऱ्याची बारीक. आणि कुठलंच नाव तो पुरं करत नाही. शेवटच्या अक्षराची शेवटची रेघ सोडून देतो. ती मालकाने येऊन स्वतःच्या हाताने मारायची.

“असं का?” तिने एका सकाळी विचारलं, आणि गप्प राहिली. एक, दोन, तीन...

चौदाला तो बोलला.

“एका म्हाताऱ्याच्या होडीचं नाव मी त्याला दाखवायच्या आधीच पूर्ण केलं. भारी झालं होतं. तो आलाच नाही, त्याच आठवड्यात गेला. वर्षभर ती होडी इथे पडून होती. नाव लख्ख, पण ढकलायला कुणी हात लावेना.” त्याने ब्रश पुसला. “तेव्हापासून एक रेघ ठेवतो. ज्याचं आहे त्याला करायला काहीतरी उरलं पाहिजे.”

अकेयोने वही मिटली. सहा वर्षं ती माणसं पूर्ण करत होती, शेवटच्या रेघेपर्यंत. हे त्याला सांगावंसं वाटलं, पण तिला उशीर होत होता.

“अकेयो,” तो मागून म्हणाला. “तू... उद्या ये. म्हणजे, येतेसच.”

दोन आठवड्यांनी, शनिवारी, मॅडमनी नवं लिखाण वाचलं, यावेळी मनात. मग शेवटचं पान परत एकदा.

“हे जाणार,” त्या म्हणाल्या. “जागा तुझीच समज. फक्त या कागदावर सही कर. पेपरचा नियम आहे. लेखिकेचा या व्यक्तीशी काही संबंध नाही, असं लिहून द्यायचं.” त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “कोण आहे तो तुझा?”

“कुणी नाही,” अकेयो चटकन म्हणाली.

“मग सोमवारी सकाळी सही करून आणून दे. आजच घेतली असती, पण तू फार घाईत उत्तर दिलंस.”

रविवारी ती डुंगाला पोचली तेव्हा ऊन कलत आलं होतं. अंगात जीव नव्हता. आनंद व्हायला हवा होता, आणि होत होता तो नुसता शीण. ओमोलो एका पिवळ्या होडीवर वाकला होता.

“निवडलं माझं,” ती म्हणाली. “पेपरला जाणार.”

त्याचा चेहरा उजळला. “मी म्हणालोच होतो. मग आता मेलेल्यांची सुट्टी?”

“एक सही करायची राहिलीये.” तिने कागद दाखवला. “की तू माझा कुणी नाहीस.”

“बरं,” तो होडीकडे वळत सहज म्हणाला. “मग कर ना. खरंच तर आहे.”

पण त्याचा ब्रश हवेत थांबला होता, होडीपासून लांब धरलेला. तो श्वास घेत नव्हता. अक्षर तर कुठलंच बिघडलेलं नव्हतं. दोन आठवडे या माणसाकडे बघायला शिकलेल्या अकेयोला ते दिसलं.

“करू सही?” तिने विचारलं. आणि गप्प राहिली.

एक. दोन. पाण्यावर बगळे उतरले. सात. आठ. कुणीतरी लांबून कुणाला तरी जेवायला हाक मारत होतं. सोळा. सतरा...

“नको,” ओमोलो म्हणाला.

एवढंच. मग त्याने ब्रशांचा डबा उपसला आणि तळातून एक घडी काढली. कडांना निळे, पिवळे डाग पडलेली. ते तिचं पहिलं लिखाण होतं, पाठदुखीसकट.

“मी हे रोज वाचतो,” तो म्हणाला. “वाईट लिहिलंयस. पण ‘मागे राहिलेले’च्या पुढे एक जागा तू कोरी सोडली आहेस. ती भरायला मला भीती वाटते... आणि माझा हात चालायचाही नाही. ज्याचं नाव त्याने मारायची असते ना ती रेघ.”

अकेयोने कागद हातात घेतला. सोमवारी मॅडमकडे जायचं, खरं सांगायचं. मग ते पान पेपरला जाणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, आणि बुधवारी पुन्हा छापखाना. सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. रडू येत होतं ते थकव्याचं, की कशाचं, ते मात्र कळत नव्हतं.

“पुढच्या वेळी मी ओबुराबाबांवर लिहीन,” ती म्हणाली. “ते माझे खरंच कुणी नाहीत.”

“ते चहा कसा पितात?”

“बशीत. फुर्र करून.”

“मग जमेल.”

तिने होडीवर कागद टेकवला आणि ‘मागे राहिलेले’च्या पुढे, त्याच्याच ब्रशने, आपलं नाव लिहायला सुरुवात केली. अक्षरं वेडीवाकडी झाली, रंग ओघळला.

ओमोलो तिच्या खांद्यावरून वाचत होता. “थांब. मागे राहिलेले म्हणजे... आधी मीच जायचं, हे ठरलं का?”

“पुस्तिका मी फुकट छापून देईन.”

“कधी?”

“आणखी पन्नास वर्षं तरी मला वेळ नाही,” अकेयो म्हणाली, आणि नावाची शेवटची रेघ तशीच सोडून ब्रश त्याच्या हातात दिला.