फिल्मवरचे पांढरे दाणे

मुंबईची लाँच रेवसहून सुटली आणि सत्यवतीची मावशी मनुबाई शेजारच्या माणसाच्या चपलेवरच ओकली. सत्यवतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो माणूस मात्र हसला आणि खिशातून लिंबू काढून म्हणाला, "मावशींना हुंगायला द्या. चौलचं आहे."

"आम्हीही चौलच्याच."

"मग इतकी वर्षं कुठं लपल्या होतात?"

काय हा आगाऊपणा! तिने तोंड फिरवलं... कान मात्र तिकडेच. त्याचं नाव अनंता, नोकरी मुंबईत. कसली, ते तिने विचारलं नाही. आपण कुठे चाललोय, तेही सांगितलं नाही. आई छातीच्या गाठीने गेली आणि आता तिशीत तशीच गाठ हिच्या हाताला लागली. असलं कुणाला सांगतात?

दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या एक्स-रेच्या खोलीत तोच आवाज आला, "श्वास रोखा." मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. बरं तरी, जवळ नर्स होती आणि अनंता शिशाच्या आडोशामागे, पाठ फिरवून उभा होता. पण कान लाल झाले होते हो त्याचे!

फिल्म धुऊन त्याने दिव्यासमोर धरली. मीठ सांडावं तसे पांढरे दाणे. डॉक्टर म्हणाले, लक्षण वाईट आहे, उद्याच ऑपरेशन. अनंताने फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली. दोन दाणे कातडीच्याही बाहेर होते... बाहेर कसे? तो धावतच बाकापाशी आला.

"छातीला काही लावलं होतंत का?"

सत्यवतीने मान खाली घातली. मनुबाई म्हणाली, "व्हय, हळद न् शिंपल्यांचा चुना. मीच लावतंय रोज. त्यात काय चुकलं?"

"मावशी, किरण मऊ मांसातून पार जातात, तिथे फिल्म काळी होते. चुन्यात अडतात, तिथे पांढरी राहते. तुमच्या लेपाचा फोटो आलाय!"

लेप धुऊन दुसरी फिल्म काढली. दाणे गेले. सत्यवती कितीतरी दिवसांनी हसली. "आता नीट दिसेल ना सगळं?"

"दिसेल. हाताला लागत नाही तेसुद्धा," तो म्हणाला आणि त्याने फिल्म घाईने पाकिटात सरकवली. डॉक्टरांनी रिपोर्ट टपालाने कळवतो म्हटलं, म्हणून दोघी घरी परतल्या.

रविवारी अनंता वाडीत हजर! म्हणे मावशींची तब्येत बघायला आलो. मावशी ठणठणीत होती. सत्यवती सुपाऱ्या वाळत घालत होती, तिच्यासमोर उभा राहून त्याने एका दमात विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

"रिपोर्ट यायचाय अजून."

"म्हणूनच आज विचारतो. नंतर विचारलं तर म्हणाल, कीव आली."

"रिपोर्ट आला की सांगते," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

मंगळवारी पाकीट आलं आणि पाठोपाठ अनंता. गाठीला खेकड्यासारख्या नांग्या फुटल्या आहेत, कर्करोगच आहे, डावा स्तन काढावा लागेल, गुरुवारी दाखल व्हा. तिने कागद दोनदा वाचला.

"फिल्म तुम्हीच धुता ना?"

"हो."

"म्हणजे रविवारी तुम्हाला ठाऊक होतं."

त्याने तिच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाला, "होतं."

"तरी विचारलंत?"

"म्हणून तर इतकी घाई केली. एरवी मी वर्षभर नुसती लिंबंच देत बसलो असतो."

सत्यवती हुंदके देऊन रडली. आई गेली तेव्हाही अशी रडली नव्हती. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "लग्न आधी, ऑपरेशन मागून."

"बरी होऊन या... मागून केलं तरी मला चालेल."

"मला नाही चालणार. बोहल्यावर मी अख्खी उभी राहणार."

"अहो, पण गुरुवारी दाखल व्हायचंय!"

"मग उद्या बुधवार आहे ना," सत्यवती म्हणाली.