भार्गवचा कर्णस्वर

शीतनिद्राकक्षातला उष्णतामापक बंद पडला, तेव्हा 'मैनाक' यान मंगळाच्या वाटेवर होतं. कक्षात यानाचा चालक भार्गव निजलेला. बाहेर त्याची बायको शैला, यानाची अभियंता, आणि डॉक्टर मुकादम.

"अंग किती गार पडलंय, हे आता त्याचा कानच सांगेल," मुकादम म्हणाले.

"कान कसा सांगेल?"

"शीतनिद्रेत माणसाच्या आतल्या कानातल्या रोमपेशी मरतात, पुन्हा येत नाहीत. सरड्याच्या येतात. म्हणून त्याच्या कानात सरड्याच्या पेशी रुजवल्या. त्या आपणहून बारीक सूर काढतात. तो कर्णस्वर. अंग गार पडलं की सूर उतरतो."

पडद्यावरची कर्णस्वराची रेघ उतरतच होती.

"मग ऊब द्या ना."

"मापकाशिवाय? जादा झाली तर मेंदू जाईल. थोडं पाहू. उतरतच राहिला, तर देतो."

शैलाला बसवेना. तिने आंगलेबुवांचं कीर्तन कक्षात लावलं.

"तो झोपलाय, ताई."

"देव जागा आहे ना."

बुवांनी नमन धरलं, मागे तंबोरा. आणि रेघ थांबली. सरळ झाली. शैलाने हात जोडले. मुकादमांनी ऊब द्यायच्या खटक्यावरचा हात काढला.

"तुमच्या बुवांना यानावर नेमून घ्यायला हवं."

पण जरा वेळाने ते पडद्याजवळ वाकले. "बुवांची पट्टी कोणती?"

"काळी दोन. का?"

"कर्णस्वरही तिथेच आहे, वरच्या सप्तकात. केसभर हलत नाही. जिवंत माणसाचा सूर थोडा तरी हलतो. कीर्तनात मागे गाणारा कच्चा असला, की पेटी त्याला आपल्या सुरात ओढून घेते ना? या पेशींचंही तसंच. जवळचा सूर मिळाला, की आपला सोडतात. ताई, हा भार्गवचा सूर नाही. तंबोऱ्याचा आहे."

"म्हणजे तो अजून गार पडतोय? आणि आपण ऊब दिली नाही?"

शैलाने बुवांना अर्ध्या ओवीत थांबवलं.

रेघ पुसली गेली. मुकादमांनी सूर टिपणाऱ्या ध्वनिग्राहकाची ताकद वाढवत नेली. शेवटी खूप खाली काहीतरी उमटलं, थरथरणारं.

"आहे," ते म्हणाले आणि खटका दाबला.

शैलाच्या ओठांवर देवाचं नाव आलं. कक्षात जाणारा आवाज त्यांनी कधीच तोडला होता, तरी त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"मनात, ताई."

दोघं बघत राहिले. रेघ एका श्रुतीने वर सरकली. या वेळी तिला धरायला बाहेर कुठलाच सूर नव्हता.