क्लेअरला दिलेलं आमंत्रण

कासाब्लांकाच्या त्या कॉल सेंटरमध्ये रमजानची संध्याकाळ म्हणजे एकदम धमाल असते! अजान व्हायची वेळ आली की अख्खा हॉल खुर्च्या ढकलून कँटीनकडे पळतो. हरीराच्या सुपाचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो. मागे फक्त एक जण थांबतो. कारण फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांना रोज्याचं काय? त्यांचं इंटरनेट बंद पडलं की शिव्या घालायला कुणीतरी हवंच.

त्या दिवशी घिझलान थांबली. तीही आपणहून!

"वेडी झालीस का गं?" मैत्रीण सुकैना म्हणाली. "मागच्या महिन्यात याच खुर्चीत छाती धरून बसली होतीस. श्वास येत नव्हता तुला."

"तेव्हा शिव्या मी खात होते," घिझलानने डोळा मारला. "आता क्लेअर खाते. पळ तू, शेबाकियाची मिठाई संपेल."

क्लेअर म्हणजे तिचं फोनवरचं नाव. तिथे प्रत्येकाला असं एक फ्रेंच नाव असतं, गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. घिझलानला ते खुर्चीबरोबरच मिळालं होतं. आधी त्या खुर्चीत दुसरी मुलगी क्लेअर होती. तिच्या आधी आणखी कोणी.

मागच्या महिन्यात मात्र कहर झाला होता. दिवसभराच्या शिव्या डोक्यात घेऊन ती घरी गेली आणि चिमुरड्या रीमच्या हातून नुसता पेला सांडला, तर एवढी किंचाळली की पोर दाराआड जाऊन लपली. आईला बघून लपली! त्या रात्री घिझलानने ठरवलं, की हे दुखणं आपल्या घरात येता कामा नये. बास.

आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात कंपनीने ताण कसा हाताळायचा ते शिकवायला स्कल्ली नावाच्या बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, "शिवी आली की ती क्लेअरला द्यायची. तुम्ही घ्यायची नाही. हेडफोन काढला की क्लेअर इथेच राहणार. तिला घरी न्यायचं नाही. कधीच नाही."

आणि काय सांगू, जादूच झाली! झोप लागायला लागली. रीम पुन्हा मांडीवर येऊन बसायला लागली. घिझलान तर हवेतच होती.

अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला, तेवढ्यात फोनचा दिवा लुकलुकला. नंबर नव्हता.

"बोंजूर, मी क्लेअर बोलतेय."

पलीकडे नुसता श्वास. तुटक, अडकत अडकत येणारा. तिला तो ओळखीचा वाटला... मागच्या महिन्यात तिचा स्वतःचा असाच यायचा. मग अस्सल कासाब्लांकाच्या बोलीत आवाज आला.

"मीपण..."

"मीपण काय?"

"मीपण क्लेअर..."

"सुकैने, फाजीलपणा पुरे! हरीरा पी गुपचूप."

त्याच क्षणी भिंतीपलीकडून, कँटीनमधून, सुकैनाचं खदाखदा हसणं ऐकू आलं. आणि कानात तो श्वास चालूच.

काचेबाहेरचा उजेड विझत आला होता. हेडफोनच्या स्पंजला अचानक वास यायला लागला. जुना घाम आणि कुठलंतरी अत्तर, तिचं नसलेलं.

"सगळं माझ्यावरच टाकता गं..." आवाज म्हणाला. "तू टाकलंस. तुझ्या आधीचीने टाकलं. तिच्या आधीचीनेपण. मी ठेवू कुठे? आणि कुणी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही... अजान झाली ना?"

इतका दमलेला आवाज! आणि इथेच घिझलान चुकली. तिचा तरी काय दोष? तिथे रोजा सोडायच्या वेळी जिन्यात अनोळखी माणूस भेटला तरी 'या, बसा आमच्याबरोबर' म्हणतात. जीभच म्हणते. येत कुणीच नसतं.

"अगं, मग रोजा सोड की! ये आमच्या घरी. माझ्या आईने, यम्माने हरीरा केलाय."

श्वास थांबला.

"येते," आवाज म्हणाला. केवढा खूश! आणि फोन बंद.

घिझलान आधी हसली. मग हेडफोन काढता काढता थांबली. आमच्या घरी... आपण हे काय बोलून बसलो?

तिने घरी फोन लावला.

"अगं, तुझी मैत्रीण आलीये ना!" यम्मा म्हणाली. "किती दमलीये बिचारी. रीम तर तिला सोडतच नाहीये."

"यम्मा, तिला बाहेर काढ... आत्ताच्या आत्ता..."

"रमजानात? पाहुणीला? जीभ कशी रेटते गं तुझी?" यम्माने फोन ठेवलासुद्धा.

घिझलान पळत सुटली. अख्खं शहर जेवायला बसलेलं. रस्त्यावर टॅक्सी नाही, माणूस नाही, मांजरसुद्धा नाही. नुसता प्रत्येक खिडकीतून चमच्यांचा आवाज. चपला हातात घेऊन ती धावत राहिली.

घराचं दार उघडंच होतं. यम्मा आत वाडगे आवरत होती.

"आत्ताच गेली बघ. उशीर केलास."

"रीम?"

रीम स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. शांत. तिचा उजवा तळवा लालभडक झालेला, मधोमध टरारून फुगलेला फोड. शेजारी हरीराचं भांडं कलंडलेलं.

"यम्मा! भाजलंय हिला!"

"काय सांगतेस?" यम्मा धावत आली. "रडली नाही गं ती... हूं की चूं नाही."

घिझलानने तो हात नळाखाली धरला. तिचेच डोळे वाहत होते. "दुखतंय का राणी? खूप दुखतंय?"

"नाही," रीम म्हणाली. "दुखणं ती मावशी घेऊन गेली. म्हणाली, मला सवय आहे."

"आणखी काय म्हणाली?"

शेजाऱ्याच्या मुलीचा हात बघावा, तशी रीम स्वतःचा फोड न्याहाळत होती. मग जरा हसली, आणि दुसरा हात हळूच पेटत्या शेगडीकडे नेला.