नऊ दिवसांची गैरहजेरी

झेरॉक्सच्या दुकानात ती आली तीच मुळी धुमसत. हातातली फाइल तिने काउंटरवर अशी आपटली, की यंत्रावर वाकलेला दुकानदार दचकला आणि शेजारी उभा असलेला चष्मेवाला तरुण दोन पावलं मागे सरकला.

"या पत्राच्या चार प्रती काढा. ज्या महाभागाने हे लिहिलंय ना, त्याचं अक्षरन् अक्षर स्पष्ट दिसलं पाहिजे!"

"काही... अडचण आहे का?" चष्मेवाल्याने विचारलं. आवाज मऊ होता. भरलेल्या माणसाला रिकामं व्हायला तेवढं पुरतं.

"अडचण? माझे बाबा लढाईत रुग्णवाहिका चालवत होते. नऊ दिवस, फुटक्या पुलावरून, जखमींना घेऊन! त्यांच्या बरोबरीच्या सगळ्या चालकांना शौर्यपदक मिळालं. आणि बाबांच्या सेवापुस्तकात काय लिहिलंय? 'विनारजा गैरहजर, नऊ दिवस.' तीस वर्षं हा डाग घेऊन बसलेत ते. आम्ही दोनदा अर्ज केला. तीन साथीदारांची पत्रं जोडली. दोन्ही वेळा उत्तर एकच... 'अभिलेख तपासले. आढळले नाही.' हा आढळले-नाही एकदा भेटू दे मला—"

"भेटला तर?"

"मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्याचे फुकट तपासून देईन."

तो हसला नाही. तेवढ्यात दुकानदाराने एक वही पुढे केली. "साहेब, तुमच्या ऑफिसच्या प्रती झाल्या. सही करा." त्याने सही केली. शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपटी असलेली सही. तिने वहीकडे पाहिलं, हातातल्या पत्राकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"हो," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "तो... मीच."

इतक्या शिव्या घातल्यावर समोर तोच निघावा! प्रती न घेताच ती रस्त्यावर उतरली. तो मागून प्रती घेऊन धावत आला.

"ऐका तरी. तिसरा अर्ज घाईने पाठवू नका."

"धमकी देताय?"

"नाही हो! तीनदा नामंजूर झालेलं प्रकरण पुन्हा उघडत नाहीत. एकच संधी उरलीय तुमची, आणि अर्जांचा निकाल देणाऱ्या मंडळाला साथीदारांची पत्रं चालत नाहीत. त्या काळातला कागदच लागतो. शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसच्या तळघरात या. लढाईची सगळी दप्तरं तिथे आहेत. अर्जदार पाहू शकतो, किंवा तो पाठवेल तो माणूस. कोणी विचारत नाही, म्हणून आम्ही सांगत नाही."

ती थांबली. "दप्तरं आहेत... म्हणजे तुम्ही ती तपासली नव्हती?"

"हजेरीपट पाहिला. त्यात नावापुढे 'गैरहजर' होतं. मग... लिहून टाकलं. सगळे तसंच लिहितात."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एका माणसाची तीस वर्षं, आणि या गृहस्थांना दोन जिने उतरायचा कंटाळा! पण तो खोटं बोलला नव्हता. नजरही चुकवली नव्हती. चांगले डोळे आहेत, असं तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

शनिवारी ती गेली. पुढच्याही शनिवारी गेली. तळघरात ओलसर कागदांचा वास, एक कुरकुरणारा पंखा आणि एकच टेबल. ती एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, मध्ये दप्तरांची भिंत.

"काय आढळले-नाही साहेब, आढळलं का काही?"

"एक झुरळ आढळलं. नोंद करू?"

"करा. निदान त्याच्यावर तरी अन्याय नको."

तो हसला की त्याचा चष्मा डावीकडे कलायचा. तिसऱ्या शनिवारी तिला ते बघवेना. तिने पर्समधून बारका पेचकस काढला, त्याच्या नाकावरून चष्मा उचलला आणि दांडीचा स्क्रू आवळला. चष्म्याशिवाय तो अगदीच निराधार दिसत होता. चष्मा परत घालताना तिची बोटं त्याच्या कानाला लागली... आणि दोघांनीही घाईघाईने आपापलं दप्तर उघडलं. तिचं उलटं होतं, हे तिला चार पानं उलटल्यावर कळलं.

पण बाबांचं नाव कुठे मिळेना. चिडून तिने घरी बाबांनाच धारेवर धरलं. "नऊ दिवस होतात ना तिथे? मग एका कागदावर नाव कसं नाही?"

बाबा बुटांना पॉलिश करत होते. दरवर्षी पलटणीच्या मेळाव्याआधी ते बूट चमकवायचे आणि मेळाव्याच्या दिवशी घरीच बसायचे. "अगं, मी रसद पलटणीचा चालक. हॉस्पिटलने उसना मागून नेला. जेवायचो हॉस्पिटलच्या भटारखान्यातलं. आमच्या पलटणीच्या आचाऱ्याने जेवणाच्या यादीतून मला खोडला. आणि कारकून लोकांची रीत अशी, की आचाऱ्याच्या यादीवरून हजेरी भरायची. इथे जेवत नाही ना? मग गैरहजर! माझ्या बदलीचा हुकूम लिहायला त्या धुमश्चक्रीत वेळ होता कोणाला?"

"हे तुम्ही तीस वर्षांत सांगितलं नाहीत?"

"ऐकणाऱ्याने विचारलं पाहिजे ना, ठिणगे." लहानपणापासून बाबा तिला ठिणगीच म्हणायचे. "मला पदकाचं काही नाही. पण पळून गेला म्हणतात गं मला... मागे बसलेली पोरं 'काका, गाडी थांबवू नका' म्हणून ओरडायची. मी एकदाही थांबवली नाही."

त्या शनिवारी दुपार व्हायची वाट न बघता ती सकाळीच तळघरात धडकली. "हजेरीपट सोडा! हॉस्पिटलच्या भटारखान्याची वही कुठे आहे?"

वही सर्वांत खालच्या फळीवर होती, तेलाच्या डागांनी भरलेली. सोळाव्या पानावर त्याचं बोट थांबलं. त्याने वही तिच्याकडे फिरवली. बाबांचं नाव. बाबांचा क्रमांक. पुढे आचाऱ्याच्या वाकड्या अक्षरात: 'उसना चालक. जेवण गाडीतच दिले.' असं ओळीने नऊ दिवस.

ती रडली. आधी आनंदाने, मग संतापाने. "इथे होतं! तीस वर्षं इथे होतं! एकाला... एकालाही वाकावंसं वाटलं नाही?"

"मलाही नाही वाटलं," तो म्हणाला. त्याने रुमाल पुढे केला. तिने रुमाल घेतला आणि हातही सोडला नाही.

तिसऱ्या अर्जाच्या सुनावणीला मंडळाचे अध्यक्ष फारच गोड बोलले. वही उलटीपालटी करून म्हणाले, "उत्तम. दुरुस्ती करू. पदकाची शिफारसही करू. फक्त आधीचे दोन शेरे आड येतायत. अभिलेख तपासले, आढळले नाही. आपण असं लिहू या, की ही वही नुकतीच सापडली." मग चष्मेवाल्याकडे वळून, "म्हणजे तुम्हालाही त्रास नको. काय?"

बाबांनी मान खाली घातली. हो म्हटलं की सगळं मिळत होतं.

"वही नुकतीच सापडली नाही, साहेब," तो म्हणाला. "ती कायम तिथेच होती. मी न तपासता 'तपासले' लिहिलं, दोन वेळा. एक खोटं पुसायला दुसरं लिहिलं, तर यांच्या पुस्तकात पुन्हा खोटंच राहील. माझा जबाब लिहून घ्या."

जबाब लिहून घेतला गेला. आता यावर एखाद्या शहाण्या माणसाला काय वाटेल? की असा कारकून जपून ठेवावा. पण अध्यक्षमहाशयांना वाटलं, की याने हात दाखवून अवलक्षण केलं. महिन्याभरात दोन कागद निघाले. पहिला बाबांच्या नावाने: 'गैरहजर' शब्द रद्द, 'रुग्णवाहिका कामगिरीवर' असे वाचावे, शौर्यपदक मंजूर. दुसरा त्याच्या नावाने: 'कामात हयगय' असा शेरा, बढती बंद आणि दूरच्या कोठारावर बदली. आयुष्यभर न तपासता सह्या ठोकणारे बाकीचे सगळे आपापल्या खुर्चीत सुखरूप. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

बाबांनी आपला कागद तीनदा वाचला. डोळे पुसले. मग दुसऱ्या कागदाबद्दल ऐकलं आणि ताडकन उठले. "खरं बोलल्याची शिक्षा? आमच्या पलटणीत अशा माणसाला मी गाडीत पुढे बसवला असता! ठिणगे, बघत काय बसलीस? अर्ज लिही!"

तो निरोप घ्यायला तिच्या दुकानात आला, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. गिऱ्हाईक नव्हतं. डोळे तपासायच्या अक्षरांच्या पाटीवरचा दिवा तेवढा जळत होता.

"उद्या निघतो. तिथून... पत्र लिहिलं तर चालेल?"

"आधी इथे सही कर," ती म्हणाली.

तिने तू म्हटलेलं त्याला आधी कळलं, कागद नंतर दिसला. तो खुर्चीतच बसला. "सेवापुस्तकातील अन्यायकारक शेरा रद्द करण्याबाबत... अर्जदार, मी?"

"तूच. तू तिकडे असशील, मग इकडे सुनावण्यांना भांडायला कोण जाणार? मी जाणार. माझ्याइतकं चांगलं भांडता येतं का तुला?"

"नाही येत," तो कबूल झाला. मग त्याच्यातला कारकून जागा झाला. "पण सेवेतल्या माणसाचा अर्ज दुसऱ्याने चालवायचा, तर तो नातेवाईक लागतो. इथे रकाना आहे. अर्जदाराशी नातं."

"दिसला मला. मुद्दाम रिकामा ठेवलाय." ती पाटीकडे बघत म्हणाली. गाल तापले होते, पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "मला नाही माहीत त्यात काय लिहायचं. तुला माहीत असेल तर लिही..."

तो बराच वेळ वाकून लिहीत राहिला. दोन शब्दांना इतका वेळ लागत नाही, पण या वेळी तो अक्षरन् अक्षर तपासून लिहीत होता. मग त्याने कागद तिच्याकडे सरकवला.

'होणारी पत्नी.'

तिने ती नोंद दोनदा वाचली. मग त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.